नोंदीत जाणार नाही

ऑफिसात तिला सगळे 'खेडी-समुद्र' म्हणत. हसू नका, तिथे प्रत्येकालाच असं नाव पडलं होतं. पलीकडच्या टेबलावरची, सदा नाकाला रुमाल लावून बसलेली बाई म्हणजे 'आरोग्य'. खिडकीशी बसणारा आणि झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारा गृहस्थ म्हणजे 'संरक्षण'. "अहो संरक्षण, खिडकी लावा बघू, आरोग्याला बरं नाहीये," असं कुणी म्हटलं तर तिथे कुणी मान वर करूनही बघत नसे.

चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर हे ऑफिस. काम एकच. संसदेत सदस्य काय बोलले ते शोधायचं आणि ज्याला हवं असेल त्याला टिपण करून द्यायचं. वर्तमानपत्रं मागायची, संघटना मागायच्या, आणि गंमत म्हणजे सरकारी खातीसुद्धा मागायची. आपलाच मंत्री काय बोलून गेला ते त्यांना कुठे ठाऊक असायचं! जुन्या अधिवेशनांचे जाडजूड खंड भिंतभर रचलेले होते, अलीकडचं सगळं संगणकावर. विषय वाटून दिलेले. आमच्या बाईंच्या वाट्याला आली गावं आणि दर्या. नोकरीला लागली तेव्हा मालकांनी विचारलं, "गाव कुठलं तुमचं?" ती म्हणाली, "किनाऱ्यावरचं." "मग झालं तर," मालक म्हणाले, आणि तिचं आयुष्य ठरलं.

काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं बरं का. शोधाच्या चौकटीत 'समुद्र' टाकावं तर वर यायचं 'दुःखाचा सागर', 'जनसागर', 'अडचणींच्या समुद्रात सापडलेलं हे सरकार'. खऱ्या, खारट पाण्याच्या समुद्राबद्दल बोलणारा सदस्य हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. खेड्यांचं तर विचारूच नका. 'मी स्वतः खेड्यातून आलेला माणूस आहे' असं म्हणून जो उठायचा तो शेवटी हमखास विमानतळ मागायचा. हे सगळं पाखडून, निवडून, त्यातला दाणा तेवढा काढायचा आणि गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा. तिच्याइतकं स्वच्छ पाखडणारं त्या ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं, हे मालकही कबूल करायचे, पगारवाढीचा विषय नसेल तेव्हा.

संसदेच्या वृत्तांतात मधूनमधून कंस असतात. (हशा). (बाके वाजवली). (व्यत्यय). हे शेवटचं सगळ्यांत जास्त. एकाच वेळी दहा जण ओरडायला लागले, परवानगीवाचून कुणी बोललं, अध्यक्षांनी 'हे नोंदीत जाणार नाही' असं बजावलं, की लिहून घेणारे ते बोलणं सोडून देतात आणि तिथे कंसात एक शब्द ठेवतात. ऑफिसचा नियम होता, कंस गाळायचे. "गिऱ्हाइकाला बोलणं हवंय, कालवा नको," मालक म्हणायचे. जेवल्यावर आपण टेबल पुसतो तसे इतकी वर्षं तिने हे कंस पुसून टाकले होते. नव्या माणसाला काम शिकवताना ती एक वाक्य ठासून सांगायची, "नोंदीत नाही ना? मग ते बोललंच गेलं नाही. डोक्याला ताप करून घ्यायचा नाही." नवी माणसं माना डोलवायची. 'नोंदीत आलं म्हणजे आलं, मग कुणाला पळता येत नाही,' हे ती घरी वडिलांनाही सांगायची. तिचा स्वतःचाही त्यावर पक्का विश्वास होता, आणि पुढचं सगळं रामायण तिथेच झालं.

आता तिच्या वडिलांकडे येऊ.

वडील होड्या बांधणारे सुतार. हात अजून खणखणीत, डोळे मात्र गेल्यात जमा. घर किनाऱ्यावर, आणि किनारा दरवर्षी थोडा थोडा आत येणारा. आधी नारळाची झाडं गेली, मग होड्या ओढायची जागा गेली. पाणी स्वयंपाकघराच्या पायरीला लागायला लागलं तेव्हा गावाने आपल्या खासदाराला गाठलं, अर्ज दिला, आरडाओरडा केला. त्याच सुमारास तिच्या आईला हॉस्पिटलातून घरी आणलं. डॉक्टरांनी हात टेकले होते. आईला कॉटवर निजवलं, उशाशी रेडिओ लावला, आणि रेडिओवर संसदेचं कामकाज थेट चाललं होतं. त्यांचा खासदार उठला, किनाऱ्याचं बोलला. मग खूप गलका झाला. आणि त्या गलक्यात मंत्री म्हणाले, "त्या किनाऱ्यावर वर्षाच्या आत दगडी भिंत बांधून देऊ. हा मी सभागृहाला दिलेला शब्द समजावा."

आईने डोळे उघडले. "चला, माझं स्वयंपाकघर वाचलं," म्हणाली. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

भिंत काही आली नाही. दर वर्षी वडील म्हणायचे, "येईल. मंत्री सभागृहात बोललेत, काय चेष्टा आहे?" मधेच सरकारने गावाला आत, टेकडीच्या पायथ्याशी, राहायला जागा देऊ केल्या. ज्याने सही केली त्याला जागा, ज्याने नाही केली त्याचा तो बघेल. वडील घरोघर गेले. "अरे, भिंत येतेय ती! उगीच कशाला बिऱ्हाड हलवताय?" लोकांनी ऐकलं, कारण होडी बांधताना या माणसाने कधी कुणाला फसवलं नव्हतं. वर्षं गेली. आईचं स्वयंपाकघर एका उधाणाच्या रात्रीत चुलीसकट गेलं. मग एकेक जण गुपचूप सही करून टेकडीकडे जायला लागला. जाताना पोरं चिडवायची, "काय भिंतकाका, आली का भिंत?" ते नाव चिकटलं ते चिकटलंच. किनाऱ्यावर उरली वडिलांच्या शब्दावर थांबलेली चार-पाच म्हातारी घरं, आणि तेवढ्यांसाठी वडिलांचा जीव टांगणीला लागलेला.

एकदा ऑफिसात मोठं काम आलं. कुणा सल्लागार कंपनीला किनारपट्टीवरच्या संरक्षक भिंतींबद्दल संसदेत आजवर दिलेलं प्रत्येक आश्वासन हवं होतं. खेडी-समुद्र बाईंनी त्यात जीव ओतला. जेवण विसरली, चहा विसरली. यादी तयार झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिच्या गावाची भिंत त्यात नाही. तिने पुन्हा शोधलं. नाही. तिने गावाला फोन लावला.

"बाबा, तुमची भिंत नाहीये हो यादीत."

"मग तुझी यादी चुकली."

"माझी यादी चुकत नाही."

"माझे कानही चुकत नाहीत. तुझ्या आईनेही ऐकलंय."

"आई आजारी होती, बाबा. गोंगाट होता म्हणता. तुम्ही दोघांनी ऐकायचं म्हणून ऐकलंत." हे बोलताच आपण काय बोललो ते तिला कळलं, पण शब्द गेला तो गेला. पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. नंतर कितीतरी दिवस वडिलांनी तिचा फोन घेतला नाही.

त्या रागाच्या भरात तिने यादीच्या शेवटी नेहमीचं वाक्य लिहिलं नाही. नेहमीचं वाक्य असायचं, 'याव्यतिरिक्त नोंदींमध्ये उल्लेख आढळला नाही.' तिने लिहिलं, 'याव्यतिरिक्त कोणतंही आश्वासन सभागृहात दिलं गेलेलं नाही.' मालकांनी वाचलं आणि खूश झाले. "असं पाहिजे. ठणठणीत. गिऱ्हाइकाला नोंदबिंद नको असते, हो की नाही तेवढं हवं असतं." तिलाही ते आवडलं होतं. कुणाला दाखवून द्यायचं होतं हे मात्र तिने स्वतःलाही विचारलं नाही.

मग गावातून वडिलांचाच फोन आला. आवाज राग-रुसवा गिळून आलेला.

"पोरी, सुनावणी लावलीय. भिंतीची फाईल बंद करायची म्हणतात. उरलेल्यांनी सही करून टेकडीकडे जायचं, नाहीतर जागेचा हक्कही गेला. ज्यांच्याकडे पुरावा असेल त्यांनी आणावा म्हणे." मग ते म्हणाले, "माझ्यासाठी नको. इथे राहिलेत ती माझ्या तोंडाकडे बघून राहिलेत. तेवढं वाक्य काढून दे. तुझं तर कामच ते आहे."

तिने या खेपेला शब्द टाकून शोधलं नाही. आईला घरी आणलं ती तारीख हॉस्पिटलच्या कागदावर होती. त्या तारखेचा खंड तिने भिंतीवरून उतरवला, मांडीवर घेतला आणि पहिल्या पानापासून वाचत गेली, कंसांसकट. आरोग्य शिंकत शिंकत दोनदा चहा ठेवून गेली, दोन्ही वेळा तो गार झाला.

आणि ते पान आलं.

'मंत्री : अध्यक्ष महोदय, माननीय सदस्यांनी किनाऱ्याचा जो मुद्दा मांडला, (व्यत्यय)

अध्यक्ष : वेळ संपलेली आहे. आता काहीही नोंदीत जाणार नाही.

(व्यत्यय)

अध्यक्ष : पुढचा विषय.'

बस. एवढंच. दोन कंस. ती त्या दुसऱ्या कंसाकडे बघत राहिली. मंत्री उभेच होते, माइक चालूच होता, रेडिओ चालूच होता. बोलणं देशभर ऐकू गेलं होतं, फक्त लिहिणाऱ्यांनी लिहिलं नव्हतं. वडील खरं बोलत होते. आई खरं बोलत होती. ती दोघं तिथे होती, त्या कंसात, आणि असे कंस पुसण्याचा पगार घेऊन ती इतकी वर्षं पोट भरत होती. आरोग्याने विचारलं, "काय गं, सापडलं?" तर तिला हो म्हणता येईना आणि नाही म्हणता येईना. ती टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. संरक्षण बिचारा पाण्याचा ग्लास घेऊन नुसताच उभा राहिला.

तिने हातपाय गाळले नाहीत, एवढं श्रेय तिला दिलं पाहिजे. संसदेच्या ध्वनिफितींच्या कचेरीत गेली. तिथल्या कारकुनाने सरळ सांगितलं, "बाई, जे नोंदीत नाही ते फितीतूनही काढतात. नाहीतर दोन्हींचा मेळ कसा बसायचा?" त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्यानेच मेहेरबानी म्हणून एक पत्ता दिला. त्या दिवशी सभागृहात लिहून घेणारा लघुलेखक निवृत्त होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होता.

म्हातारा बाल्कनीत बसून शेंगा सोलत होता. तिने पान पुढे केलं. त्याने चष्मा लावला, वाचलं, आणि कागदाला हात लावून म्हणाला, "माझंच. ही आद्याक्षरं माझी."

"आजोबा, या कंसात मंत्री काय बोलले ते आठवतं का हो? भिंतीबद्दल काहीतरी?"

त्याने हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाला, "कसं सांगू तुला. अध्यक्ष 'नोंद नाही' म्हणाले की आम्ही पेन्सिल उचलायचो. पेन्सिल उचलली की कान आपोआप बंद. तशी सवयच लावून घेतलेली, नाहीतर माणूस वेडा होईल तिथे. घरीसुद्धा व्हायचं. बायको तावातावाने बोलायला लागली की माझे कान बंद. ती म्हणायची, तुम्ही भिंतीशी लग्न करायला हवं होतं." तो हसला आणि हसता हसता थांबला. "आता ती नाही. इतकी वर्षं काय बोलत होती ते आठवायला जातो. काही नाही. नुसता आवाज आठवतो."

निघताना त्याने सोललेल्या शेंगांची मूठ तिच्या हातावर ठेवली. बसमध्ये बसल्यावर ती मूठ तशीच बंद आहे हे तिच्या लक्षात आलं.

सुनावणी गावच्या शाळेच्या हॉलमध्ये झाली. समोर टेबल, टेबलामागे अधिकारी, बाजूला संगणकावर वृत्तांत टिपून घेणारी मुलगी. मुलगी हुशार होती, बोलणाऱ्याच्या तोंडातून शब्द पडायच्या आत तिची बोटं चालत. वडील पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. मागे त्यांची म्हातारी मंडळी. टेकडीकडे गेलेले लोकही मजा बघायला आले होते. "आज आणतायत भिंत," कुणीतरी म्हणालं.

तिची पाळी आली. तिने पान ठेवलं. अधिकाऱ्याने ते उलटसुलट करून पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो, घाईत होता.

"यात भिंत कुठेय?"

"या कंसात आहे, साहेब."

हॉल हसला. तिने सगळं समजावून सांगितलं, रेडिओ, माइक, पेन्सिल. अधिकारी मान हलवत राहिला. "बाई, कंसावर मी कुणाला भिंत देऊ? बसा तुम्ही." मग त्याने बाजूची फाईल ओढली. "आमच्या सल्लागारांनी सगळ्या आश्वासनांची यादी बाहेरच्या तज्ज्ञ ऑफिसकडून करून घेतलीय. त्यात या गावाचं नाव नाही. शेवटी स्पष्ट लिहिलंय, ऐका. 'याव्यतिरिक्त कोणतंही आश्वासन सभागृहात दिलं गेलेलं नाही.' संपलं."

स्वतःचं वाक्य माणसाला कुठेही ओळखू येतं.

आणि तेवढ्यात वडील उभे राहिले. एरवी मोजकं बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज हॉलभर घुमला. "खोटं आहे ते! मी या कानांनी ऐकलंय. मंत्री म्हणाले, त्या किनाऱ्यावर वर्षाच्या आत दगडी भिंत बांधून देऊ, हा मी सभागृहाला दिलेला शब्द समजावा. माझ्या बायकोनेही ऐकलं. ती मरायला टेकली होती, साहेब. मरणारं माणूस कशाला खोटं बोलेल? माझं स्वयंपाकघर वाचलं म्हणाली ती. चूल गेली तिची, पण तिचा शब्द खोटा नव्हता!"

"काका, बसा. तुमची पाळी नाही," अधिकारी म्हणाला, आणि मुलीकडे वळून हळूच, "हे घेऊ नका."

मुलीची बोटं वर उचलली गेली.

वडिलांना ते दिसलं नाही. त्यांना आता समोरचा माणूससुद्धा धूसर दिसतो. पण तिला दिसलं. कळांच्या वर, हवेत थांबलेली ती दहा बोटं तिने पाहिली आणि ती उठली. "ते वाक्य मी लिहिलंय! यादी माझी आहे. 'दिलं गेलं नाही' असं लिहायचा मला हक्क नव्हता. मला एवढंच म्हणता आलं असतं की मला सापडलं नाही. माझे वडील खरं सांगतायत!"

"बाई, कृपा करून. तुमची पाळी होऊन गेली." बोटं खाली आलीच नाहीत. अधिकाऱ्याने पुढचं नाव पुकारलं.

वडील वळून तिच्याकडे बघत होते, आवाजाच्या दिशेने. यादी केलेली त्यांना माहीत होती, ती इथे येऊन पोचेल हे दोघांनाही माहीत नव्हतं. घरी जाताना वाळूतून ते तिच्या खांद्यावर हात ठेवून चालले. ती म्हणाली, "बाबा, माझ्यामुळे झालं."

"गप. भर हॉलात उठून बोललीस की. कुणाची छाती झाली असती?" मग चार पावलं गेल्यावर म्हणाले, "दोघांचंही लिहून घेतलं असेल ना त्या पोरीने? भराभर टिपत होती, मला टकटक ऐकू येत होती."

सांगायला हवं होतं. तिथल्या तिथे सांगून टाकायला हवं होतं. पण खांद्यावर हात होता, आणि कितीतरी महिन्यांनी होता. ती म्हणाली, "बघू. वृत्तांत आला की कळेल."

वृत्तांत आला. आश्चर्य म्हणजे तिच्याच टेबलावर आला, कारण सुनावण्यांचे कागद संसदेपुढे ठेवले जातात आणि किनाऱ्याचं जे काही येईल ते तिच्याकडेच. मालक म्हणाले, "संध्याकाळपर्यंत टिपण करून टाका. कंस काढून." तिने तो उघडला. तिची पाळी, अधिकाऱ्याचा प्रश्न, यादीतलं ते ठणठणीत वाक्य, सगळं अक्षरन् अक्षर उतरलं होतं. त्याखाली लिहिलं होतं, '(व्यत्यय)'. एकच. वडिलांचा वेगळा नाही, तिचा वेगळा नाही. बापलेकीत मिळून एक कंस. त्याखाली, 'भिंतीचा प्रस्ताव बंद करण्यात येत आहे.'

फोन वाजला. वडील.

"आला का गं कागद?"

"आला."

"काय म्हणतो?"

"फाईल बंद केली, बाबा."

मग वडील म्हणाले, "करणारच होते. पण माझं बोलणं आलंय का त्यात?"

तिने पडद्याकडे पाहिलं. या माणसाला लोकांनी इतकी वर्षं खोटं ठरवलं होतं, आणि त्या लोकांत ती पहिली होती. तिच्याने आणखी एकदा ते होईना.

"आलंय, बाबा."

"वाच."

आणि ती वाचायला लागली. पडद्यावर नव्हतं ते. एकही शब्द न गाळता, जसंच्या तसं. मी या कानांनी ऐकलंय. मंत्री म्हणाले. वर्षाच्या आत. दगडी भिंत. माझ्या बायकोनेही ऐकलं. आरोग्य आणि संरक्षण हातातलं काम टाकून तिच्याकडे बघत होते. 'तिचा शब्द खोटा नव्हता' इथपर्यंत तिने ते पुरं केलं.

"तुझ्या आईचंही आलं," वडील म्हणाले. ते रडत होते. "अन् तू बोललीस ते?"

"तेही आलंय."

वडिलांनी नाक शिंकरलं. आवाज एकदम वेगळा झाला, होडीचा सांगाडा उभा राहिला की व्हायचा तसा. "मग झालं तर! तूच म्हणायचीस ना, नोंदीत आलं म्हणजे आलं, मग कुणाला पळता येत नाही. फाईल बंद करू दे नाहीतर पुरून टाकू दे, आता उघडावीच लागेल त्यांना. बरं झालं विचारलं बाई! उद्या सहीचा शेवटचा दिवस. मी मनाची तयारी केली होती, सगळ्यांना घेऊन सकाळी जाणार होतो सही करायला. आता कशाला जातोय? थांब, त्यांनाही सांगतो. बिचारी सामान बांधत बसलीयत."

"बाबा, नाही, ऐका, बाबा..."

फोन ठेवला गेला होता. तिने पुन्हा लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. वडील एकेका घराला फोन करून सांगत होते.